फाटकाची बिजागरी

९ फेब्रुवारी, सोमवार

या दोन हातांनी केलेलं, कोणाकडे शिकायला न जाता: शाळेच्या मैदानातली आडवी शिडी, मुलं लोंबकळत जातात ती. तोल सांभाळत चालायची दांडी. चढायची जाळी. चार झोपाळे — एकाचीही कडी आजवर करकरलेली नाही. मैदानाचं फाटक, त्याच्या बिजागऱ्या, त्याची कडी. घरात: खिडक्यांचे गज, हिच्या शिवणयंत्राचे पाय, आमच्या पोरीचा, भिंगरीचा पाळणा आणि पुढे दोन मोडक्या सायकलींतून तिच्यासाठी एक धड सायकल. वेल्डिंग मी पुस्तकं वाचून आणि बोटं पोळून शिकलो. प्रमाणपत्र नाही. पण माझा एक सांधा दाखवा ज्याला तडा गेलाय. नाही सापडणार!

हे आजच का लिहितोय? तर सकाळी भिंगरीला शाळेत सोडायला गेलो आणि मैदानाच्या फाटकाला कुलूप! माझ्याच फाटकाला, माझ्याच कडीत. भोक मी इतकं नेमकं पाडलंय की कुलूप जरासुद्धा डुलत नव्हतं. आपल्याच कामाचा असा राग यापूर्वी कधी आला नव्हता.

शिपाई म्हणाला, "माझ्यावर कशाला डोळे वटारता? हेडसरांचा हुकूम आहे. पाचवी ते आठवी, परीक्षा होईस्तोवर खेळाचे तास बंद. त्या जागी सराव. फाटक उघडं राहिलं की मुलं घुसतात."

मैदानात मुलं घुसतात म्हणे! मग कोण घुसायला हवंय तिथे? रेडे?

१० फेब्रुवारी

हेडसरांना भेटायला गेलो. "मीटिंगमध्ये आहेत." बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. बाकाचा एक पाय आखूड. तासभर डुगडुगत बसलो आणि परत आलो.

११ फेब्रुवारी

आज भेटले. या वर्षीच आलेत. टेबलावर काच, काचेखाली वेळापत्रक, आणि प्रत्येक वाक्याला इस्त्री केलेली. "गेल्या वर्षी निकाल घसरला. आठवड्याचे तीन तास खेळात जातात. तेच गणिताला दिले तर निकाल वर येईल. साधा हिशोब आहे."

मी म्हणालो, "साहेब, लोखंड वापरात नसलं की गंजतं."

"रंग मारून घेऊ."

'आणि मुलांना कोणता रंग मारणार?' — हे मला फाटकाबाहेर आल्यावर सुचलं. नेहमीचंच!

मग म्हणाले, "तुमची मुलगी तर मधल्या सुट्टीतही वर्गातच असते. कच्च्या मुलांना आम्ही बसवून घेतो. गणितात फार मागे आहे ती. असंच राहिलं तर सहावीत जाणं कठीण."

मला माहीतच नव्हतं. तिसऱ्याच माणसाने येऊन माझ्या घरातली गोष्ट मला सांगावी तसं झालं. तेवढ्यात त्यांनी विषय बदलला. "तुमचं काम पाहिलंय. सफाईदार आहे. आम्हाला नवी बाकं हवीत. बसायची जागा आणि टेबल एकत्र, जमिनीला पक्कं. मूल हलता कामा नये. समोरून एक आडवी दांडी येईल असं काही जमेल का?"

जमेल का! मला विचारतात जमेल का!

मैदानाचं भांडायला गेलो होतो, बाकाचं माप डोक्यात घेऊन आलो. असो. नमुना पसंत पडला की माझ्या शब्दाला वजन येईल. मग मैदानाचं बोलेन.

घरी भिंगरीला विचारलं, सुट्टीत बसवतात हे सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तुम्ही चिडला असतात." मी चिडणारा माणूस नाही, असं ओरडून सांगितलं. आतून ही हसली.

१३ फेब्रुवारी

अपूर्णांक. पाटीभर अपूर्णांक, आणि पोरगी पेन्सिल फिरवतेय, पाय हलवतेय, खुर्ची मागच्या दोन पायांवर. चार बारांश म्हणजे किती? नुसती माझ्या तोंडाकडे बघते. पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. "बूड टेकव!" म्हणून मी ओरडलो. तिने टेकवलं. मग डोळे खिडकीबाहेर. अंग जागेवर आणि पोरगी भलतीकडेच.

पूर्वी अशी नव्हती. पूर्वी शाळेतून लाल तोंडाने यायची, गुडघ्याला माती, आल्या आल्या बडबड. आता येते ती पोतं टाकावं तशी पडते. डोकं दुखतं म्हणते. ही औषधाच्या दुकानात कामाला आहे, दिवसभर लोकांना गोळ्या देते, पण भिंगरीला गोळी द्यायला तयार नाही. म्हणते, "दहा वर्षांच्या मुलीचं डोकं रोज का दुखावं? ते शोधा आधी."

शोधा! म्हणजे मीच.

१६ फेब्रुवारी

बाक आकाराला येतंय. बसायची पट्टी आणि टेबल एकाच चौकटीवर. दांडी डाव्या बाजूच्या बिजागरीवर फिरते, उजवीकडे खटक्यात बसते. खटका असा की आतल्या मुलाचा हात तिथे पोचत नाही. बाई बाहेरून एका बोटाने उघडू शकतात. आवाज नाही, चिमटा बसत नाही, कोपरे सगळे घासून गोल. असा खटका बाजारात मिळणार नाही. दोन दिवस डोकं खाल्लं त्याने. पण साधला!

शेजारचा पेंटर ब्रश घेऊनच डोकावला. "काय रे, पोपट केव्हा आणतोयस?"

"कसला पोपट?"

"पिंजरा झालाय म्हणून विचारलं."

याला कामातलं काही कळत नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या कामावर रंग फासला.

१८ फेब्रुवारी

भिंगरीला वर्कशॉपमध्ये बोलावलं, माप बघायला. गुडघ्याची उंची, कोपराची उंची, सगळं तिच्यावरूनच घेतलेलं. बसली. पाय जमिनीला बरोबर टेकले. कोपर टेबलावर बरोबर. दांडी लावली. खटका बसला. एवढासाही आवाज नाही. मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं. एकही चूक नाही.

तिने दांडीला हात लावला. ढकललं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मला विचारलं, "बाबा, यातून बाहेर कसं यायचं?"

मी मोठ्या दिमाखात सांगितलं, "बाहेर यायचंच नाही! बाई उघडतील तेव्हाच."

"बरं," म्हणाली. आणि बसून राहिली. बरं, एवढंच.

१९ फेब्रुवारी

यातून बाहेर कसं यायचं. यातून बाहेर कसं यायचं. ग्राइंडर चालू असतानाही तेच ऐकू येतंय.

२० फेब्रुवारी

खेळाच्या बाई आल्या होत्या वर्कशॉपवर. चेंडूत हवा भरायच्या पंपाची सुई मोडली म्हणून. मी म्हटलं, खेळ तर बंद आहेत, सुई कशाला? म्हणाल्या, "चेंडू बसून राहिले तरी हवा जातेच." आता त्यांचं काम काय, तर सरावाच्या तासाला मुलं बोलतात का ते बघत फिरणं. गळ्यात शिट्टी मात्र अजून आहे.

सुई करत होतो. त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या बाकाकडे गेलं. जवळ गेल्या. दांडी लावून बघितली, उघडून बघितली.

"हे तुम्ही केलंत?"

मला वाटलं कौतुक करतील. खरंच वाटलं!

"तुम्ही? ज्यांनी ती शिडी केली त्यांनी?" बाईंचा आवाज असा चढला की पेंटर आत आला. "पोरांची शिडी काढून घेतली ते हेडसर. आणि हे करून देणार तुम्ही. छान जोडी आहे!"

मलाही तिडीक आली. म्हटलं, बाई, अभ्यास बसूनच होतो. मी सगळं बसून शिकलो. शिडीने दंड पिळदार होतात, गणित येत नाही.

"तुम्ही बसून शिकलात? वेल्डिंग? दिवसभर उभे, वाकलेले, हात चालू. तुम्ही आयुष्यात एक तास तरी नुसते बसलायत का?"

पेंटर दात काढत होता.

मग त्या जरा खाली आल्या. शांतपणे बोलल्या, तेच लिहून ठेवतो. मूल धावतं, उड्या मारतं, तेव्हा हृदय जोरात चालतं, मेंदूला रक्त जास्त पोचतं. त्यानंतर काही वेळ लक्ष जास्त टिकतं. अवघड धडा तेव्हा ठेवावा. रोज भरपूर हालचाल करणाऱ्या मुलांना झोप चांगली लागते, आणि दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं. खेळाचे तास काढून तिथे गणित घातलं म्हणून गणित सुधारतं असं नाही. उलट खेळ ठेवला तर मार्क घसरत नाहीत, असंच बहुतेक वेळा दिसलंय. "पण जादू समजू नका हं. धावल्याने अपूर्णांक येत नाहीत. ते शिकवावेच लागतात. फक्त शिकवताना मूल तिथे हजर असतं."

हजर असतं. तेरा तारखेला भिंगरी हजर नव्हती. मीच लिहिलंय ते, मागे.

सुईचे पैसे घेतले नाहीत. घ्यायचं सुचलंच नाही, एवढा संतापलो होतो.

२३ फेब्रुवारी

कोणी सांगितलं म्हणून मानायची माझी पद्धत नाही. वाचनालयात गेलो. मेंदूवरचं जाड पुस्तक, शब्दकोश शेजारी. ग्रंथपाल दोनदा विचारून गेली, "काका, हेच हवंय ना नक्की?" माझ्या हाताला काळं असतं म्हणून विचारलं, दुसरं काय!

बाई खोटं बोलल्या नाहीत. मेंदूत आठवणी साठवण्याच्या कामातला एक भाग आहे, आकार समुद्रघोड्यासारखा. धावूनही लवकर न दमणाऱ्या मुलांमध्ये तो थोडा मोठा आढळला. 'आढळला' असंच लिहिलंय, 'असतोच' असं नाही. हे मला आवडलं. जो माणूस मोजमापात किती फरक पडू शकतो तेही सांगतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवतो. हेडसर कधी सांगतात? "साधा हिशोब आहे" म्हणे!

२५ फेब्रुवारी

बाक उलगडलं. मोडलं नाही. चांगला सांधा मोडायला हात होत नाही माझा. नीट कापलं, घासलं. चौकटीचे पाइप जोडून एक लांब पाइप केला, दोन पट्ट्यांवर टाकला आणि गल्लीत ठेवला. संध्याकाळी गल्लीतली सगळी पोरं त्याच्यावरून तोल सांभाळत चालत होती. खटका तेवढा फळीवर ठेवलाय. चांगला झाला होता.

हेडसरांना जाऊन सांगितलं, नमुना होणार नाही.

"तुम्हाला जमलं नाही का?"

मुद्दाम म्हणाले! कुठे टोचतं ते बरोबर कळतं या माणसाला. जमलं होतं, साहेब, म्हटलं, म्हणूनच होणार नाही. त्यांना कळलं नाही. मैदानाचंही बोललो, बाईंचं आणि पुस्तकातलं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपण वेल्डिंग करता ना?"

अंगाची लाही लाही झाली.

घरी सांगितलं. ही पोळलेल्या बोटाला मलम लावत होती, थांबली. म्हणाली, "काम सोडलंत, हरकत नाही. पण एक सांगते. तुमचा मान सांभाळता सांभाळता पोरीचं वर्ष जाऊ देऊ नका. माझी एवढीच अट."

१ मार्च, रविवार

आता घरीच करणार. शाळा नाही तर नाही. रोज संध्याकाळी भिंगरी आधी धावणार, दोरीवर उड्या मारणार, मग लगेच अपूर्णांक. दोरी मी वळली, मुठी लाकडात कातून घेतल्या. शिट्टी आणली.

३ मार्च

जमत नाही! दोरी मारताना कोपर अंगापासून लांब जातं. दहादा सांगितलं, मनगटातून फिरव, खांद्यातून नको. धावताना टाच आधी टेकते. पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. मग अपूर्णांक. गेल्या आठवड्यापेक्षाही वाईट! शेवटी रडली. "बाबा, हाही तासच आहे."

पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं.

५ मार्च

बाई रस्त्यात भेटल्या. मी तक्रार केली: तुमचं शास्त्र माझ्या घरात चालत नाही. काय काय करतो ते विचारलं. शिट्टीपर्यंत आलो तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, शिट्टी? मी शाळेत तीस पोरांना वाजवते, तीही भांडण झालं तर! तुम्ही तिच्या खेळाचाही तास केलात. सोडा तिला."

सोडा म्हणजे?

"सोडा म्हणजे सोडा. दार उघडा आणि तुम्ही आत जा."

राग आला. घरी येईपर्यंत राग होता. शिट्टी खिशातून काढली आणि खिळ्यांच्या डब्यात टाकली.

८ मार्च

दार उघडलं आणि आत गेलो. खिडकीतूनही बघितलं नाही. (दोनदा बघितलं.) कोपर कुठे जातंय, टाच कशी टेकतेय, देवाला माहीत. पाइपवरून पळापळी चालली होती, एक पोर सारखं पडत होतं आणि सगळे खिदळत होते. अंधार पडायला आत आली, तोंड लालभडक, घटाघटा पाणी प्यायली. ही म्हणाली, बस जरा. ती पाटी घेऊन आपणहून माझ्याजवळ बसली.

मी विचारलं, चार बारांश म्हणजे किती? ओरडलो नाही.

हात वर केले तिने. हवेत काहीतरी धरल्यासारखे. एक एक हात पुढे, एक एक हात पुढे. मग म्हणाली, "आपल्या शिडीला बारा दांड्या आहेत. चार झाल्या की पहिला खांब येतो. मग परत चार, दुसरा खांब. मग परत चार, संपली. म्हणजे चार म्हणजे तीनातला एक. एक तृतीयांश?"

खांब मी चार-चार दांड्यांवर दिलेत, वजन सारखं पडावं म्हणून. मी ते पोरांच्या वजनासाठी केलं. आणि ही पोरगी हाताच्या तळव्यांनी ते शिकून बसलीय, आणि सगळ्या शाळेत कोणी तिला विचारलं नाही!

"सहा बारांश?"

"मधली दांडी. जिथून मी नेहमी खाली उडी मारते. निम्मा."

सगळे आले. जवळजवळ सगळे. तीन अष्टमांशाला अडली, शिडीत आठ नाहीत ना.

मी उठून हात धुवायला गेलो. बराच वेळ धुतले.

त्या शिडीला कुलूप लावून तिला समोरच्या खोलीत शिडीचाच हिशोब शिकवतायत. हरामखोर!

१२ मार्च

आज जे केलं ते लिहायला नको वाटतं. चोरी केली म्हणून नाही. खोटं बोललो म्हणून. आणि कशाबद्दल खोटं!

सकाळी हातगाडी घेऊन, पाने-पक्कड घेऊन शाळेत गेलो. उजेडात, सगळ्यांसमोर. शिपायाला मोठ्याने सांगितलं, "फाटकाची बिजागरी सदोष आहे. माझंच काम, मीच चुकलो. मुलाच्या अंगावर पडलं तर जबाबदार कोण? दुरुस्तीला नेतो."

शिपाई आ वासून बघत राहिला. "तुमचं काम? बिघडलं?"

"बिघडलं."

हा शब्द मी माझ्या कामाबद्दल आजवर उच्चारला नव्हता. ती बिजागरी माझ्या नातवंडांनंतरही टिकेल! पण म्हणालो. बिघडलं. दोन्ही पल्ले काढले, कुलूप-साखळीसकट हातगाडीवर घातले आणि निघालो. शिपायाने अडवलं नाही. वर हात लावायलाही आला, म्हणाला, "जड आहे हो." फाटकाच्या जागी नुसती हवा.

पेंटरला कळायला दहा मिनिटं लागली नाहीत. सगळ्या गल्लीत ओरडत सुटला, "ऐका हो, यांचं काम बिघडलं! आज सूर्य कुठे उगवला?" मी ऐकून घेतलं. एवढ्या वर्षांची अब्रू, त्या माणसाच्या तोंडी घातली. मग आत येऊन त्याने बिजागरी बोटाने फिरवून बघितली. ती लोण्यासारखी फिरली. माझ्याकडे बघितलं. परत फिरवली. आणि बाहेर जाऊन पुन्हा ओरडायला लागला, आणखी जोरात: "पार गेलीय बिजागरी! पार कामातून गेली!"

एवढा वाईट माणूस नाही तो.

१३ मार्च

मधल्या सुट्टीत शाळेवरून मुद्दाम गेलो. मैदान भरलेलं! शिडीवर रांग. झोपाळे आकाशात. शिपाई भिंतीला टेकून उभा, हाक मारल्यासारखं करतोय, कोणी ऐकत नाही, त्यालाही ऐकवायचं नाही. सुट्टीत वर्गात बसवलेली कच्ची पोरंही निसटून आली होती; भिंगरी शिडीच्या मधोमध लोंबकळत होती. बाई दिसल्या. हात वगैरे हलवला नाही. शिट्टी ओठात होती, वाजवली नाही.

हेडसरांचा फोन. "केव्हा होणार दुरुस्ती?"

बिजागरीचं काम आहे, म्हटलं, घाईचं नाही. दुसरं फाटक मागवायला समितीची मंजुरी लागते आणि समिती परीक्षेनंतर बसते, हे मला आधीच माहीत होतं. फाटक मंजूर करून घेताना तीन महिने मीच हेलपाटे घातले होते ना!

१८ मार्च

आठवीचे गणिताचे सर पेंटरकडे आले होते. त्याच्याशी बोलताना ऐकलं: "सुट्टीनंतरचा तास बरा जातोय हल्ली. पोरं निदान माझ्याकडे बघतात." कोणी कारण विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

भिंगरीचं डोकं दुखणं थांबलं. ही म्हणाली, "मोजू नका, दृष्ट लागेल." मी मोजत नव्हतोच.

२४ मार्च

गणिताचा पेपर झाला. दोन तास एका जागी. घरी आली ती पाय चोळत. "पहिलं पान सगळं आलं, बाबा. मग पाय आखडले. मग अक्षरं नुसतीच दिसायला लागली."

दार उघडलं आणि आत गेलो.

७ एप्रिल

निकाल. पाचवीतच ठेवली.

पेपर दाखवायला लावला मी, हट्टाने. पहिलं पान: सगळं बरोबर. एकही खाडाखोड नाही. अपूर्णांकाच्या बाजूला पेन्सिलीने बारीक बारीक उभ्या रेघा, बारा, चार-चारांवर ठळक. गणिताच्या बाईंनी तिथे लाल शेरा मारलाय: 'समासात चित्रं काढू नयेत.' चित्रं! दुसरं पान कोरं.

ही निकाल बघून स्वयंपाकघरात गेली आणि बाहेर आली नाही. तिची अट माझ्या लक्षात आहे. वर्ष गेलं. भिंगरी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी मला विचारलं, "पाचवीला पुढच्या वर्षी पण मैदान आहे ना?"

आहे म्हटलं.

"मग दुसऱ्या पानापर्यंत जाईन मी," म्हणाली आणि खेळायला गेली.

८ एप्रिल

हिला सांगितलेलं नाही, सांगायचं धाडस नाही, म्हणून इथे. निकालाच्या आदल्या दिवशी हेडसर स्वतः वर्कशॉपवर आले होते. भिंतीला टेकवलेलं फाटक बघितलं, बिजागरी फिरवली, हसले. मग देऊ केलं ते असं: फाटक सुट्टीतच परत बसवायचं, कुलुपासकट. दीडशे बाकं, आडव्या दांडीची, खटका मी केला होता तोच. आणि भिंगरी सहावीत, दुसरं पान कोणी बघणार नाही.

मी म्हणालो, बिजागरी अजून झालेली नाही.

सोडलेल्या कामाची रक्कम: सहा लाख चाळीस हजार.